पागेची बेगमी

राज्याभिषेकाच्या थोडे आधी, पावसाळा तोंडावर आलेला असताना, चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांच्या नावे शिवाजी महाराजांनी जे पत्र रवाना केले, ते रयतेविषयीच्या त्यांच्या कळवळ्याचा दाखला म्हणून इतिहासकारांनी पुष्कळदा पुढे मांडले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु मला ते पत्र गेली कित्येक वर्षे एका निराळ्याच कारणाने पुनःपुन्हा वाचावेसे वाटत आले आहे. त्यातील बराचसा मजकूर घोड्यांच्या दाण्याविषयी, वैरणीविषयी आणि आगीविषयी आहे. गडोगडीचा गल्ला उचलून पागेची बेगमी कशीबशी केलेली आहे. ती पावसाळाभर पुरेल अशा हिशेबाने न वापरता आज आहे म्हणून मन मानेल तशी उधळलीत, तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, उपास पडतील, घोडी मरू लागतील, आणि मग ती घोडी तुम्हीच मारली असे होईल, असे महाराज आपल्या अंमलदारांना बजावतात. एवढ्यावर ते थांबत नाहीत. कोणी भलत्या जागी चूल पेटवील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, रात्री दिवा तसाच जळत राहील आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल, ती गवतास लागेल, एका खणाची आग साऱ्या खणांना लागेल; आणि एकदा असे झाले म्हणजे मग कुणब्यांच्या माना मारल्या काय किंवा कारकुनांना ताकीद केली काय, जळालेल्या पागेसाठी एक लाकूडही परत मिळायचे नाही.

ज्या पुरुषाला एका बाजूस आदिलशाही आणि दुसऱ्या बाजूस मोगलाई यांच्याशी झुंजत एका राज्याची घडी बसवावयाची होती, त्याच्या चित्तात उंदराने ओढून नेलेल्या वातीला जागा असावी, याचे प्रथम मला केवळ आश्चर्य वाटे. पुढे वय वाढले तसे माझे लक्ष त्या आश्चर्यावरून ढळून ‘तुम्हीच मारली’ या अभिप्रायावर खिळले. अंमलदारांनी घोड्यावर हत्यार चालवलेले नाही. चाबूकही उगारलेला नाही. त्यांनी फक्त वैरणीचा हिशेब ठेवलेला नाही. तरीही महाराज मृत्यूचे कर्तृत्व त्यांच्याच माथी मारतात, आणि तेही तो मृत्यू घडण्यापूर्वी. न केलेल्या कर्माचे पाप लागते काय, आणि लागत असेल तर ते केलेल्या कर्माच्या पापाइतकेच जड असते काय, हा धर्मचिंतनातील मोठा बिकट प्रश्न आहे. तो पोथीतल्यापेक्षा तबेल्यात अधिक स्पष्ट दिसतो, असे मला वाटते. आणि तसे वाटण्यास माझ्या लहानपणची एक रात्र कारण आहे.

आमच्या घरी वडिलांच्या फिरतीसाठी एक घोडी असे. हरणी तिचे नाव. तिची निगा राखणारे मोतद्दार वृद्ध होते आणि आम्ही मुले त्यांना चाचा म्हणत असू. दोन वेळचा खरारा, खूर उचलून पाहणे, पाणी पाजून झाल्यावर घटकाभराने तोबरा चढवणे, हा त्यांचा नेम सणासुदीलाही कधी चुकला नाही. मी अकरा वर्षांचा झालो तेव्हा संध्याकाळची चंदी मोजून देण्याचे काम मोठ्या मानाने माझ्याकडे सोपवण्यात आले. भिजवलेला हरभरा मापाने तोबऱ्यात भरायचा, कोरड्या हरभऱ्याच्या लाकडी पेटीचे झाकण लावायचे, आणि हरणीच्या अगाडी-पिछाडीच्या गाठी एकदा हाताने ओढून पाहायच्या, एवढेच ते काम. नागपंचमीचा दिवस होता. झोके बांधलेल्या वडाखाली सगळी मुले जमली होती आणि मला तिकडे पोहोचण्याची घाई झाली होती. मी झाकण लावले नाही आणि गाठही ओढून पाहिली नाही.

मध्यरात्रीच्या सुमारास पागेतून पाय आपटल्याचा आवाज येऊ लागला. आम्ही गेलो तेव्हा हरणी सुटलेली होती, पेटीतला हरभरा बराच खाली गेला होता, आणि ती पुढच्या खुराने जमीन उकरीत मान वळवून आपल्याच कुशीकडे पाहत होती. मध्येच ती अंग टाकी, लोळू पाही, पुन्हा उठे. तिच्या मानेवरून आणि काखेतून घाम निथळत होता. चाचांनी तिच्या कुशीला कान लावला आणि पुष्कळ वेळ तसाच धरून ठेवला. पोटात पाणी खळखळल्यासारखा जो आवाज निरोगी घोड्याच्या कुशीत सदैव ऐकू येतो, तो तिथे नव्हता. तालुक्याच्या गावी गुरांचे डॉक्टर होते, पण मधल्या ओढ्याला पूर आला होता; आणि पूर नसता तरी न्यायच्या कंदिलाची काच महिन्यापूर्वी फुटलेली, ती कोणी बदललेली नव्हती. चाचा तिला लगामाला धरून अंगणात फेऱ्या घालीत राहिले. पहाटे ती एकाएकी शांत झाली. उकरणे थांबले, कुशीकडे पाहणे थांबले. मला वाटले की ती बरी झाली, आणि मी आनंदाने ओरडलो. चाचांनी मात्र लगाम सोडून दिला आणि ते ओट्यावर जाऊन बसले. फुगलेल्या दाण्याने जठर फाटले म्हणजे वेदना अशीच अकस्मात थांबते, हे त्यांना ठाऊक होते. उजाडल्यावर थोड्याच वेळात हरणी गेली.

आजी म्हणाली, “तिचं दाणापाणी सरलं.” घरातल्या सर्वांनी तोच सूर धरला. माझ्या पाठीवरून हात फिरवून मला समजावण्यात आले की जन्माला आलेल्याचा शेवट ठरलेला असतो, आपण निमित्तमात्र. चाचा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुताराला बोलावून त्या पेटीला लोखंडी कोयंडा बसवून घेतला आणि नवी काच आणून कंदिलाला लावली. पागेत तेव्हा एकही जनावर नव्हते.

घोड्याच्या शरीराची घडणच अशी आहे की जो त्याला बाळगतो त्याच्या अवधानावर त्याचे प्राण अवलंबून राहावेत. एवढ्या मोठ्या देहाच्या मानाने त्याचे जठर लहान असते आणि आतडे अतिशय लांब. अन्ननलिका जठराला मिळते तेथील स्नायूंची झडप इतकी बळकट असते की घोड्याला ओकारी होत नाही. माणूस, कुत्रा, मांजर यांना विषारी किंवा जड झालेले अन्न बाहेर टाकण्याची जी मुभा निसर्गाने दिली आहे, ती घोड्याला दिलेली नाही. जे एकदा आत गेले त्याच्याशी त्याला निभावून न्यावे लागते. रानात चरणारा घोडा दिवसभर थोडे थोडे गवत खातो आणि चालत राहतो, म्हणून त्याला या उणिवेची फारशी झळ लागत नाही. आपण त्याला बांधतो, एका ठिकाणी उभे करतो, दोन वेळांच्या ठरीव चंदीवर आणतो, आणि त्याच क्षणी त्या उणिवेचे उत्तरदायित्व आपल्याकडे येते. घोड्याला बाळगण्याचा हक्कच माणसाला मुळात कोणी दिला, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो आक्षेप मला अद्याप पुरता खोडता आलेला नाही. मात्र बांधल्यानंतर दोर बांधणाऱ्याच्याही हाताला बांधलेला असतो, एवढे मी निश्चित जाणतो.

उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे जे लक्षण बांधले आहे त्यात शस्त्राचा उल्लेख नाही, क्रोधाचा नाही, द्वेषाचाही नाही. तेथे प्रमाद हा शब्द आहे. प्रमादाच्या योगाने प्राण हिरावले जाणे म्हणजे हिंसा. कुंदकुंदाचार्य प्रवचनसारात याही पुढे जातात: जीव मरो वा जगो, जो अयत्नाने वागतो त्याच्याकडून हिंसा निश्चितच घडलेली आहे, आणि जो यत्नपूर्वक वागतो त्याच्या पायाखाली एखादा जीव सापडला तरी त्या हिंसेचे बंधन त्याला नाही. हा विचार प्रथम वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. त्या नागपंचमीला हरणी गाठ सोडवून पेटीपर्यंत गेलीच नसती, रात्रभर जागच्या जागी उभी राहून सकाळी तोबऱ्यासाठी खिंकाळली असती, तरी माझ्याकडून हिंसा घडून गेली होती. ती फक्त कोणाला दिसली नसती. आणि ज्या चाचांनी आयुष्यभर नेम पाळला, त्यांच्या हातातच ती मेली तरी ते त्या मृत्यूपासून मुक्त होते. उद्योगपर्वातील सनत्सुजातही धृतराष्ट्राला हेच सांगतो की मृत्यू म्हणून ज्याला म्हणतात तो प्रमादच होय. दोन भिन्न परंपरांतील आचार्यांनी एकाच शब्दावर बोट ठेवावे, हे मला विशेष अर्थपूर्ण वाटते.

कौटिल्याला मोक्षाची चिंता नव्हती, कोशाची आणि सैन्याची होती. तथापि त्याच्या अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाचे प्रकरण वाचताना तोच विचार व्यवहाराच्या भाषेत समोर येतो. उपचारात किंवा औषधात हयगय झाल्यामुळे घोड्याचा रोग बळावला, तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड. त्या अपराधाने घोडा दगावला, तर घोड्याच्या किमतीएवढा दंड. हयगयीला दंड सांगणारा हा ग्रंथकार त्याच प्रकरणात युद्धाने, रोगाने किंवा वार्धक्याने कामातून गेलेल्या घोड्यांना नुसते पोसावे असेही सांगतो. काम सरले तरी अन्न सरत नाही, हे तत्त्व त्याने दया म्हणून मांडलेले नाही, राजाचा कायदा म्हणून मांडलेले आहे. आणि माझ्या मते दयेपेक्षा त्याचे मोल अधिक आहे, कारण दया स्वामीच्या मनःस्थितीप्रमाणे कमीजास्त होते.

यत्न शब्द उच्चारायला सोपा आहे. त्याचे रूप ऋतूगणिक बदलते, म्हणून तो कठीण. चैत्र-वैशाखात घोड्याला दिवसाकाठी तीस-चाळीस लिटर पाणी लागते, घामाबरोबर अंगातील मीठही जाते, आणि दुपारच्या उन्हात त्याला जुंपणारा मनुष्य कितीही भाविक असला तरी त्याच्या हातून अधर्म घडतो. आषाढ-श्रावणात पाण्याचा तुटवडा नसतो, पण बाकीचे सगळे घात त्याच दिवसांत दडलेले असतात. चिखलात उभे राहून खुराच्या तळव्याचा मऊ त्रिकोणी भाग कुजतो. त्याला काळा पाझर सुटतो आणि दुर्गंधी येते, ती खूर उचलून नाकाजवळ नेणाऱ्यालाच कळते. ओल लागलेल्या कडब्यावर बुरशी चढते. पावसाच्या अखेरीस गोमाश्या माजतात आणि एका जनावराच्या रक्तातील सर्रा दुसऱ्याला देतात. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो, पोटाखाली सूज धरते, चांगले पोसलेले घोडे पाहता पाहता खंगत जाते. १८८० साली पंजाबात ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने अशा घोड्यांच्या रक्तात वळवळणारा सूक्ष्म जीव दाखवून दिला, तोपर्यंत या रोगाचे कारण कोणालाच सापडलेले नव्हते. कारण कळल्यानंतर त्याकडे दुर्लक्ष करणाऱ्याची स्थिती अज्ञानी माणसापेक्षा निराळी होते. ज्ञानाबरोबर पापाची कक्षाही रुंदावते. मार्गशीर्ष-पौषात थंडीमुळे घोडा पाणी कमी पितो, कोरडा चारा आतड्यात अडकतो, आणि पुन्हा तोच पोटशूळ. खिळा रुतल्याच्या लहानशा जखमेतून होणारा धनुर्वात तर कोणत्याच ऋतूची वाट पाहत नाही.

म्हणून ज्याच्या दारात घोडा आहे त्याला आपल्या घोड्याची निरोगी स्थिती पाठ असली पाहिजे. स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी मिनिटास २८ ते ४४ पडते, ती जबड्याच्या खालच्या कडेशी बोटाला लागते. हिरडी दाबून सोडली की दोन सेकंदांत तिचा गुलाबी रंग परत येतो. हे आकडे जो निवांत दिवशी मोजून ठेवतो त्यालाच आणीबाणीच्या रात्री ६० आणि ७० या आकड्यांचा अर्थ समजतो. नामस्मरणाविषयी संतांनी जे सांगितले आहे तेच येथे लागू पडते: अंतकाळी नाम आठवावे असे वाटत असेल तर ते रोज घ्यावे लागते.

आगीविषयी एक गोष्ट मी ऐकली तेव्हा तिने माझी झोप उडवली. पेटलेल्या तबेल्यातून सोडवून बाहेर आणलेला घोडा हातातून सुटला तर पुष्कळदा वळून पुन्हा त्याच आगीत शिरतो. जाणकार मनुष्य म्हणून त्याच्या डोळ्यांवर कापड बांधून त्याला बाहेर काढतो आणि लांब नेऊन बंदिस्त करेपर्यंत सोडीत नाही. याला लोक जनावराचा मूर्खपणा म्हणतात. मला तसे म्हणवत नाही. ज्या ठाणावर रोज दाणा मिळाला, खरारा झाला, पावसापासून आसरा मिळाला, ते ठाण म्हणजे अभय, हा धडा आपणच वर्षानुवर्षे त्याला दिलेला असतो; भयाच्या क्षणी तो त्या धड्याप्रमाणे वागतो. त्याची श्रद्धा खोटी ठरू नये याची जबाबदारी त्याच्यावर नसते. महाराजांच्या पत्रातील ती वात आणि तो उंदीर हे आठवले की मला नेहमी ज्वाळांकडे परत वळणारा तो घोडा दिसतो, आणि भक्ताच्या श्रद्धेला पात्र राहण्याची जी जबाबदारी आपण ईश्वरावर टाकतो, ती कशी असेल याची थोडीशी कल्पना येते.

आता प्रारब्धाचा प्रश्न उरतो. आजीच्या वाक्याला मी कधी खोटे म्हटले नाही, आजही म्हणणार नाही. शोकात बुडालेल्या मुलाला वर काढण्यासाठी तिने तो शब्द वापरला आणि त्या सकाळी त्याचा उपयोगही झाला. परंतु प्रारब्ध हा शब्द मागे वळून पाहताना उच्चारावयाचा आहे. पुढे पाहताना जो तो उच्चारतो तो बहुधा आळसाला संस्कृत नाव देत असतो. पेटीला कोयंडा बसवणारे चाचा प्रारब्ध मानीत नव्हते असे नाही. पाच वेळा नमाज पढणारा तो मनुष्य अल्लाच्या मर्जीवाचून पान हलत नाही असे नित्य म्हणे. त्या मर्जीत कोयंडा बसवण्याचे काम आपल्या वाट्याला आले आहे, असा त्यांचा समज होता, आणि मोठमोठ्या भाष्यांतूनही मला याहून समाधानकारक मीमांसा आढळलेली नाही.

याचे सर्वांत तेजस्वी चित्र द्रोणपर्वात आहे. जयद्रथवधाची प्रतिज्ञा, सूर्य पश्चिमेकडे झुकलेला, प्रत्येक घटका मोलाची. आणि रथाचे घोडे थकलेले, तहानलेले, अंगात बाण रुतलेले. त्या क्षणी भर रणात अर्जुन घोडे सोडण्याचे सुचवतो आणि श्रीकृष्ण ते मान्य करतो. अर्जुन जमिनीवर उभा राहून सर्व सैन्य थोपवून धरतो, अस्त्राने भूमी भेदून पाणी काढतो, बाणांचे छत उभारतो. आणि त्या छताखाली श्रीकृष्ण आपल्या हातांनी घोड्यांच्या अंगातले बाण उपसतो, त्यांना चोळतो, पाणी पाजतो, चारा देतो, आणि त्यांचा शीण गेल्यावरच पुन्हा रथाला जोडतो. जयद्रथाचा शेवट ज्याला आधीच ठाऊक आहे, विश्वरूप दाखवून सर्व योद्धे काळाच्या मुखात गेलेले ज्याने अर्जुनाला प्रत्यक्ष दाखवले आहेत, तोच येथे मोतद्दाराचे काम करीत आहे. परिणाम ठरलेला असला तरी घोड्याची तहान खरी आहे. गीतेवर भाष्य करणाऱ्यांनी या प्रसंगाकडे जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिलेले नाही, अशी माझी नम्र तक्रार आहे.

ऋणाचा हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडता येतो. पावसाळ्यात कोकणातल्या भातखाचरात किंवा देशावरच्या बांधावर सर्पदंश झालेला शेतकरी ज्या लसीने वाचतो, ती घोड्याच्या रक्तातून तयार होते. परळच्या हाफकिन संस्थेने हे काम कित्येक वर्षे केले. अल्प मात्रेने चढवीत नेलेले विष घोडा सोसतो, त्याच्या रक्तात प्रतिविष उत्पन्न होते, आणि ते रक्त आपल्या संकटाच्या रात्रीची बेगमी ठरते. आपल्या ओढ्याला पूर आलेला असताना कोणीतरी आधीच तयारी करून ठेवलेली असते, आणि ती तयारी घोड्याच्या शरीरात झालेली असते.

आळंदीहून निघणाऱ्या पालखीबरोबर माउलींचा जो अश्व चालतो, त्याच्यावर कोणी स्वार नसतो. बेळगावकडील अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व पायी चालत आळंदीस येतात, आणि रिंगणात तो मोकळा अश्व दौडून गेला म्हणजे त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी वारकऱ्यांची झुंबड उडते. रिकाम्या खोगिरावर प्रत्यक्ष ज्ञानदेव बसलेले आहेत, ही भावना मला फार थोर वाटते. परंतु ज्या खुराची धूळ मस्तकी लावायची, तो खूर ज्येष्ठ-आषाढाच्या चिखलातून शेकडो मैल नीट चालावा म्हणून रोज मुक्कामावर कोणीतरी वाकून त्यातला खडा काढीत असतो, नालाचा खिळा ढिला झाला का ते अंगठ्याने चाचपीत असतो. त्या वाकलेल्या पाठीला कोणी नमस्कार करताना मी पाहिलेले नाही.

कौटिल्याने घोड्यांचे नीराजन आश्विनाच्या नवमीस सांगितले आहे, आणि प्रवासाच्या आरंभी, शेवटी व रोगराईच्या वेळीही ते करावे असे म्हटले आहे. आमच्याकडे खंडेनवमीला आणि दसऱ्याला घोड्याच्या गळ्यात झेंडूची माळ पडते, ती त्याच आचाराची वाट असावी. हरणीनंतर दोन वर्षांनी वडिलांनी नवे शिंगरू आणले. पहिल्या खंडेनवमीला आई आरतीचे तबक घेऊन पागेशी आली, तेव्हा चाचांनी हात वर करून तिला थांबवले आणि म्हणाले, “ताई, जरा थांबा.” ते खाली बसले, शिंगराचा पुढचा डावा पाय उचलून त्यांनी मांडीवर घेतला, खुराच्या खाचेतला चिखल आकड्याने काढला, नाक जवळ नेऊन वास घेतला, मग दुसरा, तिसरा, चौथा. चारही झाल्यावर त्यांनी पेटीच्या कोयंड्याकडे एकवार पाहिले, धोतराला हात पुसले आणि ते बाजूला झाले. मग आईने कुंकू लावले.